मदत हवी आहे: भाऊ गडावर गाईडचं काम करतो, गिर्यारोहणाच्या कुठल्या कोर्सला नाव घालावं?

संगमनेरची_ताई

नमस्कार मंडळी. इथे डोंगरात फिरणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आमचं गाव अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या अंगाला. मी नोकरीमुळे संगमनेरला असते. धाकटा भाऊ बावीस वर्षांचा. बारावी झाली, बीए दुसऱ्या वर्षाला सोडलं. शनिवार-रविवार पुण्या-मुंबईचे ग्रुप घेऊन गडावर जातो. पाचनईची वाट त्याला अंधारातही सापडते, कड्यातल्या अवघड नळीच्या वाटेनेही माणसं वर आणलीत. मे-जूनमध्ये काजवे सुरू झाले की भंडारदऱ्याच्या बाजूला त्याला इतकं काम असतं की घरी जेवायला येत नाही. दिवसाचे सातशे-आठशे मिळतात, कधी त्यातही घासाघीस.

दुखणं वेगळंच आहे. त्याच ग्रुपबरोबर शहरातून 'लीडर' म्हणून जो मुलगा येतो तो याच्याच वयाचा. वाट याला विचारून चालतो, पण पैसे दुप्पट घेतो. का, तर "त्याने बेसिक केलंय". आमच्या पोराचं नाव यादीत 'लोकल सपोर्ट' म्हणून. हे त्याच्या फार मनाला लागलंय. आता म्हणतो मीही बेसिक करणार.

मागच्या वर्षी एका ट्रेकिंग कंपनीने पाच दिवसांचा 'ट्रेक लीडर कोर्स' म्हणून नऊ हजार घेतले. त्यातला निम्मा वेळ त्यांच्याच ग्रुपचा नाश्ता बनवण्यात गेला. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मिळालं, ते दुसरीकडे कुणी हातात धरायला तयार नाही. म्हणून या वेळी चार जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असं मी ठरवलंय. पैसे मीच देणार आहे.

विचारायचं असं, की उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली ही नावं तो घेतो, त्यात फरक काय? त्याला इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही, तिथे अडेल का? वडील म्हणतात भाताच्या आवणीच्या वेळी घरात माणूस पाहिजे, म्हणजे जुलै गेला. आईने उत्तरकाशीच्या हिमस्खलनाची बातमी टीव्हीवर पाहिली होती, ती नावच काढू देत नाही. आणि माझी स्वतःची शंका: हे सगळं सोडून त्याने इथे संगमनेरच्या जिममध्ये ट्रेनर व्हायचा कोर्स केला तर बारमाही काम नाही का मिळणार?

घाटवाटकरी

ताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाहीत. घरचे लोक एवढं विचारून पोरांना पाठवत असते तर निम्मे घोळ झाले नसते.

'बेसिक' म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स. तो देशात मोजक्या सरकारी संस्थांत होतो. दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट) सगळ्यात जुनी, १९५४ची. एव्हरेस्टनंतर तेनझिंग नोर्गे तिथेच प्रशिक्षण बघायचे. उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग) १९६५ची. मनालीची संस्था आता अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने आहे. शिवाय काश्मीरात पहलगामला आणि अरुणाचलात दिरांगला एकेक. अभ्यासक्रम सगळीकडे जवळपास तोच. निम आणि एचएमआयचा बेसिक २८ दिवसांचा असतो. या संस्था संरक्षण मंत्रालय आणि राज्य सरकारांच्या आधाराने चालतात, त्यामुळे राहणं, जेवण, दोर, आइस अॅक्स (बर्फाची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटाखालचे खिळे), बर्फातले बूट, स्लीपिंग बॅग सगळं फीमध्येच येतं. खाजगीत कुणी तेवढे दिवस हे द्यायचं म्हटलं तर आकडा ऐकून तुम्ही फोन ठेवाल.

फरक आहे तो जागेचा. उत्तरकाशीत प्रस्तरारोहण टेखलाला शिकवतात, मग भुक्कीवरून तेल कॅम्प, गुज्जर हट करत डोक्रियानी हिमनदीच्या बाजूला नेतात. दार्जिलिंगवाले सिक्कीममध्ये युक्सोम, झोंगरीमार्गे चौरीखांगला जातात, तो बेसकॅम्प सुमारे १४,६०० फुटांवर आहे. चाल तिथे जास्त. मनालीची पोरं सोलंगच्या वरच्या बाजूला असतात. तुमच्या भावाला कुठेही मिळालं तरी घ्यावं, निवडत बसू नये, कारण खरी अडचण जागा मिळण्याची आहे. निम आणि एचएमआयच्या मोक्याच्या महिन्यांच्या बॅचेस फार आधी भरतात, पुढच्या वर्षासाठी आत्ता नाव घालायचं अशी स्थिती असते. नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करा. "आमच्याकडे कोट्यातून सीट आहे" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

आणि हे त्याच्या कानावर घालाच: बेसिक 'केलं' याला फारसा अर्थ नाही, ग्रेड कोणती मिळाली ते बघतात. पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला 'ए' ग्रेड लागते. अॅडव्हान्स चांगलं झालं तर शोध-बचाव आणि 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन', म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. ज्याला यात धंदा करायचाय त्याचा मुक्काम तिथे आहे. बेसिकला 'बी' घेऊन आलेली पोरं पुन्हा तेच २८ दिवस करायला जातात, मी पाहिलीत.

पोटापाण्याचं_बोला

जरा कडू बोलतो. शहरातल्या त्या पोराला दुप्पट पैसे बेसिकमुळे मिळत नाहीत. तो कंपनीचा माणूस आहे, गिऱ्हाईक त्याच्या इन्स्टावरून येतं, म्हणून मिळतात. तुमचा भाऊ उद्या ए ग्रेड घेऊन आला तरी ती कंपनी त्याला 'लोकल' म्हणूनच सातशे देईल. कागद बदलून भाव बदलत नाही, गिऱ्हाईक कुणाचं त्यावर बदलतो.

जिम ट्रेनरचं म्हणाल तर तो रस्ता खोटा नाही. खेळ-फिटनेस क्षेत्राची वेगळी कौशल्य परिषद आहे, फिटनेस ट्रेनर, पोहण्याच्या तलावावरचा जीवरक्षक असे कोर्स त्यांच्या मान्यतेने होतात. पण संगमनेरच्या जिममध्ये पगार काय मिळतो ते आधी तिथल्या ट्रेनरला विचारून या. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा. डोंगरातला माणूस आरशासमोर किती दिवस टिकेल?

संगमनेरची_ताई

@पोटापाण्याचं_बोला, विचारून आले. सातशे रुपये रोजाने महिन्याचे सगळे दिवस भरले तर जेवढे होतात त्याहून कमी आहे. तेव्हा तो विषय मिटला. पण तुमचं पहिलं म्हणणं डोक्यात घर करून बसलंय. मग करायचं काय? कोर्स करूच नये का?

दोरखंड

करावा, पण आधी दुसरं काहीतरी करावं. सविस्तर लिहितो, कारण माझा यात वर्षानुवर्षांचा जीव गुंतलाय. आमचा ग्रुप बचावकार्याला जातो, तुमच्या भागातही आलोय.

सह्याद्रीत माणसं कशाने मरतात? बर्फाने नाही. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने, पाणी संपल्याने. आग्या मोहोळ उठल्याने. पावसाळ्यात सांदण दरीसारख्या ठिकाणी वरून लोंढा आल्याने. कड्याच्या टोकावर फोटो काढताना. घसाऱ्यावर पाय सुटून. आणि फुरसं-घोणस चावल्यावर 'आधी खाली तर उतरू' म्हणत चार तास घालवल्याने. यातलं बहुतेक काही उत्तरकाशीला शिकवत नाहीत, शिकवायचं कारणही नाही. तिथे शिकवतात आइस अॅक्सने घसरण कशी थांबवायची, दोराला बांधून हिमनदीवर कसं चालायचं. उत्तम विद्या आहे, पण पाचनईच्या वाटेवर तिचा थेट उपयोग शून्य.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. तिथे जे मिळतं ते शिस्त आणि दोरावरचा हात. आपल्याकडची पोरं वाटेला वाघ असतात, पण दोराला हात लावला की अंदाजपंचे. मी एका नाळेत पाहिलं. गावचाच हुशार मुलगा, पंचवीस माणसं खाली उतरवत होता. अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, एका झुडपाला. एकाच. कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, स्क्रू उघडं. पुढच्या बाईला उतरवायच्या आधी आम्ही थांबवलं, मागे एका धोंड्याला आणि शेजारच्या झाडाला दोर घेऊन दोन अँकर केले, स्क्रू फिरवून बंद केले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की स्क्रू बंद करायचा असतो. त्याने यूट्यूबवर बघून केलं होतं आणि व्हिडिओत ते दिसत नव्हतं.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्यांदा प्रथमोपचार. तासाभराचा नव्हे, डोंगरातल्या प्रथमोपचाराचा, जिथे रुग्णवाहिका यायला पाच तास लागणार हे धरून शिकवतात. मसुरीच्या हनीफ्ल सेंटरमध्ये 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर' होतो, तो चांगला, पण महाग. तो परवडला नाही तर पुण्या-नाशकात दोन-तीन दिवसांचे लहान कोर्स होत असतात, त्यापासून सुरुवात करावी. दुसरं, एखाद्या जुन्या गिर्यारोहण क्लबात जाऊन दोर शिकावा. पुण्यात, नाशकात, मुंबईत असे क्लब आहेत जे पैशासाठी नाही तर चढाईसाठी चालतात. गिरीप्रेमीसारख्यांनी २०१२ला एव्हरेस्ट केलं आणि नंतर स्वतःची प्रशिक्षण संस्थाही काढली. तिथे रविवारी सुळक्यावर दुसऱ्या नंबरला चढून जेवढं शिकायला मिळतं तेवढं पाच दिवसांच्या लीडर कोर्सात कधी मिळणार नाही. आणि तिसरं बेसिक.

पोटापाण्याचं_बोला म्हणतात ते गिऱ्हाईकाचं गणित खरं आहे, पण त्यात एक बदल झालाय. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याआधी याच विषयावरच्या २०१८च्या जीआरवरून बराच गदारोळ झाला होता. आता जमीन, पाणी, हवा, कुठलाही साहसी उपक्रम पैसे घेऊन करायचा तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी करणाऱ्याला आपली माणसं प्रशिक्षित आहेत हे दाखवावं लागतं. अंमलबजावणी किती होते तो वेगळा विषय. पण उद्या तुमच्या गावातल्या चार पोरांनी मिळून स्वतःची नोंदणी केली, त्यातल्या एकाकडे बेसिक-अॅडव्हान्स आणि दोघांकडे प्रथमोपचार असेल, तर ते कंपनीचे 'लोकल सपोर्ट' राहत नाहीत. मग कंपनी त्यांच्याकडे येते. ए ग्रेडचा खरा पैसा तिथे आहे.

बर्फातली_सुनी

मी निमला महिलांच्या बॅचमधून बेसिक केलंय, म्हणून ताईंच्या आईच्या काळजीवर लिहिते.

ती घटना ४ ऑक्टोबर २०२२ची. द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर अॅडव्हान्स कोर्सची तुकडी होती, २९ जण गेले, त्यात शिकवणारेही होते. सविता कंसवाल त्यातच गेली, त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेली मुलगी. आईला हे लपवू नका, पण हेही सांगा की तो अॅडव्हान्सचा शिखरचढाईचा टप्पा होता. बेसिकमध्ये आमचा बहुतेक वेळ उत्तरकाशीत आणि बेसकॅम्पच्या आसपासच गेला, शेवटी एक दिवस ठरावीक उंची गाठून परत. धोका नाही असं कुणीच म्हणणार नाही. घरच्यांकडून जोखमीच्या कागदावर सही घेतात ती उगीच नाही. आईची सही घेताना तो कागद हिंदी-मराठीत नीट वाचून दाखवा.

भाषेचं अजिबात मनावर घेऊ नका. शिकवणारे उस्ताद बहुतेक पहाडी, बोलणं हिंदीत. गाठींची नावं, उपकरणांची नावं इंग्रजी, ती पाठ करावी लागतात. माझ्या दोरावरची एक मुलगी मणिपूरची होती, तिला हिंदीही धड येत नव्हतं, तिला ए मिळाली.

ग्रेड कशावर जाते ते सांगते, कारण इथेच गावाकडची मुलं चकतात. चालण्यात ती सगळ्यांच्या पुढे असतात. पण पहाटेच्या पळण्यापासून उस्तादांचं लक्ष असतं. पाठीवर पंधरा-वीस किलोची सॅक घेऊन वेळेत पोचलात का. कॅम्पवर पोचल्यावर बसलात की दुसऱ्याची सॅक घ्यायला मागे गेलात. सांगितल्याशिवाय दोर सोडला का. गाठ बघायला हात केला तर दोन सेकंदांत हार्नेस (दोर बांधायचा कंबरेचा पट्टा) दाखवता आला का. लेखी परीक्षाही असते, तिथे 'मला येतं पण लिहिता येत नाही' चालत नाही. आमच्यात एक फार तगडी मुलगी होती, तिला 'बी' मिळाली, कारण ती प्रत्येक वेळी पुढे पळायची आणि दोरातल्या बाकीच्यांना मागे सोडायची. तुमच्या भावाला पुढे चालायची सवय असणार. तिथे गाईड म्हणून जायचं नाही, विद्यार्थी म्हणून जायचं.

आवणीचं म्हणाल तर पावसाळ्यातले कोर्स तसेही टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरची बॅच मिळाली तर आवणी उरकून आरामात जाता येईल, आणि भात कापणीपर्यंत परत.

कोरडा_ओढा

अवांतर: 'लोकल सपोर्ट' वाचून हसावं की रडावं कळेना. आम्ही गेलो तेव्हा लीडर आमच्याबरोबर वाट चुकला आणि लोकल सपोर्टने आम्हाला घरी नेऊन पिठलं-भाकरी घातली. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला कंपनीला द्या. तुमचाच भाऊ नव्हता ना, ताई?

घाटवाटकरी

दोरखंड यांच्या क्रमाशी सहमत, फक्त एक भर. पुणे विद्यापीठातही गिर्यारोहणाची पदविका सुरू झालीय, पण ज्याला आठवडाभर गावात शेती आणि शनिवार-रविवार गडावर काम आहे त्याला ती झेपणार नाही. आणि नाव बेसिकला आत्ताच घाला, प्रथमोपचार आणि क्लब मधल्या काळात होईल. तीन्ही गोष्टी एकामागून एक करायच्या म्हटल्या तर पोरगा पंचविशीचा होईल.

तब्येतीचा दाखला मात्र सरकारी दवाखान्यातून खरा आणा, कुणाकडून सही मारून नको. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासतात आणि रक्तदाब-बिब्दाब निघाला तर तिथूनच परत पाठवतात.

संगमनेरची_ताई

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, दोनदा वाचून काढलं. काल रात्री घरी फोन करून सगळ्यांना एकत्र बसवून वाचूनही दाखवलं. आई अॅडव्हान्सला तयार नाही, बेसिकला "बघू" म्हणाली, आमच्याकडे 'बघू' म्हणजे अर्धं हो. वडिलांना सप्टेंबर पटला. भाऊ दोरखंड यांचा स्क्रूचा किस्सा ऐकून गप्प बसला, मग म्हणाला "ताई, मला पण कुणी सांगितलं नव्हतं." मला झोप लागली नाही.

@कोरडा_ओढा, विचारलं त्याला. तो नव्हता, पण कोण होता ते त्याने लगेच सांगितलं.

आता ठरलं ते असं. निम आणि एचएमआय दोन्हीकडे पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी नाव घालतो, जिथे आधी लागेल तिथे. दिवाळीनंतर नाशकातल्या एका क्लबात तो रविवारी जाणार, पण रविवारीच त्याचं काम असतं, तेव्हा महिन्यातून एक रविवार बुडवायचा असं ठरलंय. तो पैसा मी भरून देईन म्हटलं तर रागावला. प्रथमोपचाराचा लहान कोर्स नाशकात शोधतेय, कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एक शेवटचा प्रश्न. सॅक घेऊन सराव करायला म्हणून तो घरातली भाताची गोणी पाठीवर घेऊन गड चढायला लागलाय. हे बरोबर आहे का? गुडघे जातील अशी मला भीती वाटते.

बर्फातली_सुनी

गोणी नको ताई, तिला कंबरपट्टा नसतो, सगळा भार खांद्यावर आणि मानेवर येतो. कुणाची तरी साठ लिटरची जुनी सॅक मागून घ्या, तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरा. दहा किलोपासून सुरुवात, आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं. चढताना भरलेल्या बाटल्या न्यायच्या आणि वर पोचल्यावर ओतून द्यायच्या, म्हणजे उतरताना गुडघ्यावर ताण येत नाही. आम्ही सगळ्या सिंहगडावर तसंच करायचो.

दोरखंड

पाणी ओतून देऊ नका, वरच्या टपरीवाल्या मावशींना द्या. एप्रिलमध्ये ते सोन्याच्या भावाचं असतं. नाशकातल्या प्रथमोपचाराच्या कोर्सचं व्यनि केलंय, पुढच्या महिन्याच्या बॅचला जागा आहेत. आणि भावाला सांगा, क्लबात पहिल्या दिवशी गेल्यावर नळीच्या वाटेचं काही बोलू नको, आधी आठाची गाठ मारून दाखव.